लाईन आली का?

दवंडी म्हणजे पुश, आणि चावडीवर जाऊन "काही निरोप आहे का हो?" असं विचारणं म्हणजे पोलिंग. ऑफिसात नव्याने आलेल्या पोरांना हा फरक समजावताना मी हेच उदाहरण देतो. त्यातल्या निम्म्यांना मग आधी दवंडी म्हणजे काय ते समजावावं लागतं, तो भाग वेगळा :)

कोतवाल डफ वाजवत गल्लीतून जातो, तुम्ही घरात आपलं काम करत बसायचं, निरोप आपणहून कानावर पडतो. पोलिंगमध्ये पायपीट तुमची, आणि दहापैकी नऊ वेळा चावडीवर काही नसतंच. मोबाईलवरचं नोटिफिकेशन ही पहिल्या जातीची गोष्ट. फक्त इथे कोतवाल जवळजवळ दोनच. ॲपलने जून २००९ मध्ये आयफोनसाठी पुश सेवा सुरू केली, गूगलने २०१० मध्ये अँड्रॉइडसाठी. गूगलने नाव दोनदा बदललं, आता तिला फायरबेस क्लाउड मेसेजिंग म्हणतात. पिझ्झा निघाल्याची वार्ता असो की सासूबाईंचा फॉरवर्ड, बहुतेक निरोप यांच्याच हातून येतात.

यात कटकारस्थान काही नाही. फोनमधल्या पन्नास ॲपनी आपापल्या सर्व्हरशी पन्नास कनेक्शन उघडी ठेवली तर बॅटरी दुपारच्या जेवणापर्यंतही टिकायची नाही. म्हणून सगळ्यांचं मिळून एकच कनेक्शन, आणि त्याची मालकी फोनची सिस्टिम बनवणाऱ्याकडे. हिशोब बरोबर आहे. पण सगळे निरोप एका दारातून जायला लागले की त्या दारावरची वही वाचायला लोक येतात. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेचे सिनेटर रॉन वायडन यांनी तिथल्या न्याय खात्याला पत्र लिहून हेच उघड केलं, की सरकारं ॲपल आणि गूगलकडे पुश नोटिफिकेशनच्या नोंदी मागतायत.

माझी गोष्ट मात्र हेरगिरीची नाही. ओलिताची आहे.

आमचं गाव केळझर. नागपूर-वर्धा रस्त्यावर, सेलू तालुक्यात. विदर्भातले लोक टेकडीवरच्या सिद्धिविनायकामुळे ओळखतात, तो इकडच्या अष्टविनायकांपैकी एक. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, असं गावात सांगतात. म्हणजे जिथे बकासुराला रोज एका घरातून गाडाभर अन्न आणि एक माणूस पाठवायची पाळी असायची, आणि पुढे भीमाने ज्याचा निकाल लावला, ते गाव. पाळी हा शब्द गावात अजून जोरात चालतो, फक्त आता ती विजेची असते. शेतीच्या फीडरला थ्री फेज ठरावीक तासच, आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. कागदावर रात्रीची वेळ दहाची. प्रत्यक्षात कधी दहा, कधी साडेअकरा, कधी एक.

शहरातल्या मित्रांना इथे एक गोष्ट सांगावी लागते. गावठाणाचा फीडर वेगळा आणि शेतीचा वेगळा. घरात पंखा फिरतोय याचा अर्थ विहिरीवर लाईन आहे असा होत नाही. आणि विहिरीवर लाईन आहे याचा अर्थ तिन्ही फेज आहेत असाही होत नाही. दोनच फेजवर मोटर सुरू करायला गेलात तर ती नुसती घुमते, आणि तशीच राहू दिली तर वाइंडिंग जळतं. मग मोटर बाहेर काढा, वर्ध्याला न्या, चार दिवस हरभरा तहानलेला.

म्हणून रात्रपाळीच्या दिवसांत बाबा जेवण झालं की शेतात जायचे. स्टार्टरच्या पेटीवर एक बल्ब टांगलेला, तो पेटला की लाईन आली. समोरच्या झोपडीत खाटेवर पडून बल्बकडे बघत राहायचं. आमच्याकडेच नाही, सगळ्या शिवारात हेच. गावापासून जवळच बोरचं जंगल आहे. १९७० साली अभयारण्य झालं, २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. पुण्या-मुंबईचे लोक वाघ दिसावा म्हणून पहाटे चारला उठून जिप्सीत बसतात. बाबांना तो दिसू नये म्हणून आई रात्री चारपर्यंत जागी. वाघ लांबचा झाला, रानडुक्कर आणि साप तर घरचेच. बाबांचं वय सदुसष्ट.

ऑटो स्विच का नाही लावत, असं मला पुण्यात प्रत्येकजण विचारतो. लाईन येताच मोटर आपोआप सुरू करणारा तो डबा मिळतो, पुष्कळांकडे आहे. पण सगळ्यांनीच लावला की लाईन आल्या क्षणी डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम दचकून उठतात आणि रोहित्रावर भार येतो, म्हणून तो लावू नका असं सांगतात. शिवाय बाबांना कुठल्या रात्री पाणी द्यायचं ते स्वतः ठरवायचं असतं.

गावात 'लाईन आली' ही बातमी पसरवायला व्हॉट्सॲप ग्रुपही आहे. कुणीतरी शेताकडून टाकतो. पण रात्री एक वाजता टाकणार कोण? आणि दिवसभर गुलाबाची फुलं आणि सुविचार वाजत असल्यामुळे बाबांनी तो ग्रुप कधीचा मुका करून ठेवलाय.

तर काम एवढंच होतं: तो बल्ब दीड किलोमीटरवरून बाबांच्या उशाशी आणायचा.

घरी माळ्यावर एक रास्पबेरी पाय आधीपासून होता. फोटोंचा बॅकअप आणि आईच्या भजनांचा साठा सांभाळायचा, राउटरसकट इन्व्हर्टरवर. विहिरीवर एक छोटा बोर्ड बसवला, तिन्ही फेजना तीन सेन्सर. (४१५ व्होल्टच्या वायरिंगला मी हात लावला नाही. गावचे वायरमन काका आले, त्यांनी बसवलं आणि "कोडिंगवाल्यानं लांब उभं राहावं" असं सांगितलं.) विहिरीपासून घरापर्यंत निरोप आणायला लोरा रेडिओ. आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा लायसन्सशिवाय वापरता येतो, आणि लोराला वेग नसला तरी पल्ला मोठा. दोन शब्द दीड किलोमीटर न्यायला वेग हवाय कुणाला.

आता घरातून फोनपर्यंत. इथे मी गोटिफाय आणि नोटिफाय असे दोन्ही चालवून पाहिले. दोन्ही मुक्त, दोन्ही गो भाषेत लिहिलेले. गोटिफाय साधा आणि नेटका आहे, पण त्याचं अधिकृत ॲप फक्त अँड्रॉइडसाठी, आणि माझ्या नागपूरच्या बहिणीकडे आयफोन. म्हणून नोटिफाय. स्पेलिंगमधले स्वर गाळून एन-टी-एफ-वाय अशी चारच अक्षरं लिहितात. फिलिप हेकल या प्रोग्रामरने २०२१ मध्ये सुरू केलेला प्रकल्प. वापरायची रीत इतकी सोपी आहे की पहिल्यांदा मला वाटलं काहीतरी सुटलंय. एका पत्त्यावर साधी एचटीटीपी विनंती पाठवायची, तिच्या पोटात मजकूर. पत्त्यातला शेवटचा शब्द म्हणजे टॉपिक. ज्याने तो टॉपिक फोनवर लावून ठेवलाय त्याचा फोन वाजतो. एका ओळीच्या कर्ल कमांडमध्ये काम होतं. टॉपिकचं नाव रोमन अक्षरांतच लागतं, मजकूर मात्र देवनागरीत बिनधास्त जातो. एका निरोपाला ४०९६ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं, पण आमचा निरोप 'लाईन आली, ३ फेज' एवढाच. अजून पुष्कळ जागा आहे.

नोटिफायचा स्वतःचा सार्वजनिक सर्व्हर फुकट आहे, मग आपला कशाला उभा करायचा? कारण तिथे टॉपिकचं नाव हाच पासवर्ड. ज्याला नाव कळलं त्याला निरोप वाचता येतात, आणि पाठवताही येतात. 'लाईन आली' कुणी वाचलं तर फार बिघडत नाही. पण खोटं 'लाईन आली' पाठवून रात्री दोनला म्हाताऱ्या माणसाला उठवणं शक्य असेल तर ते मला चालणार नव्हतं. आपल्या सर्व्हरवर 'कुणालाच परवानगी नाही' इथून सुरुवात करता येते. विहीर फक्त लिहू शकते, बाबा फक्त वाचू शकतात.

आता सर्व्हर ठेवायचा कुठे? होम सर्व्हर म्हणजे घरात, असं मन म्हणतं. पण घरची वीज, घरचा इंटरनेट आणि घरचा पाय हीच तर बिघडणारी मंडळी. घर बंद पडलं हे सांगायची जबाबदारी घरातल्याच मशीनवर टाकली तर ते सांगणार कसं? आग लागली की जळणाऱ्या घरातच बसून ओरडायची ड्यूटी झाली ती. शिवाय आमच्या इंटरनेटवाल्याकडून स्वतंत्र पब्लिक आयपी मिळत नाही, शंभर घरं एकाच पत्त्याआड. घरातून बाहेर बोलता येतं, बाहेरून आत दार ठोठावता येत नाही. म्हणून नोटिफाय मुंबईतल्या एका भाड्याच्या छोट्या व्हर्च्युअल मशीनवर ठेवला, मल्टिप्लेक्सच्या एका तिकिटाएवढं महिन्याचं भाडं. शुद्धतावादी म्हणतील हे सेल्फ-होस्टिंगच नव्हे. म्हणोत बापडे. चाव्या माझ्याकडे आहेत.

बहिणीच्या आयफोनची कथा मजेदार आहे. ॲपल आपल्या पुश सेवेशिवाय दुसऱ्या कुणालाही झोपलेलं ॲप उठवू देत नाही. त्यामुळे आपला सर्व्हर नोटिफायच्या मूळ सर्व्हरला फक्त एवढंच कळवतो की 'अमुक टॉपिकवर काहीतरी आलंय', तेही टॉपिकचा हॅश करून. तो ॲपलला सांगतो, ॲपल फोनला उठवतं, आणि फोन आपल्या सर्व्हरवर येऊन मजकूर घेऊन जातो. कोतवाल तोच, पण दवंडी आता 'चावडीवर या' एवढीच!

इथवरचं सगळं दोन वीकेंडमध्ये झालं. खरा वेळ गेला तो पुढच्या प्रश्नात.

फोन वाजला नाही. याचा अर्थ काय?

लाईन आली नाही, हा एक अर्थ. बोर्ड बंद आहे, अँटेना पडला, पाय अडकला, इंटरनेट गेलं, मुंबईचं मशीन बसलं, फोनने ॲप मारून टाकलं, हे बाकीचे सहा. नोटिफिकेशनच्या जगात चांगली बातमी, वाईट बातमी आणि निरोप्या मेल्याची बातमी यांतली शेवटची ऐकू येत नाही, ती दिसते सगळं ठीक असल्यासारखी. बाबा बल्बसमोर बसायचे तेव्हा हा प्रश्न नव्हता. बल्ब उडाला असेल तर त्यांना झोपडीतून कळायचं, शेजारच्या शेतातली मोटर ऐकू यायची. मी त्यांना तिथून उठवून घरी झोपवणार, म्हणजे त्या शांततेची जबाबदारी आता माझी.

यावर उपाय जुना आहे आणि तुम्हा-आम्हा सगळ्यांच्या घरात होता. मिस्ड कॉल! इंजिनियरिंगला असताना हॉस्टेलवर पोचलो की घरी एक घंटी देऊन फोन ठेवायचा. पैसे शून्य, मजकूर शून्य, निरोप पूर्ण. आणि त्याचा खरा उपयोग तो आल्यावर नव्हता, न आल्यावर होता. बस दोनला सुटली, सहापर्यंत घंटी आली नाही, की आई शेजारच्यांकडे जायची. आमच्या धंद्यात याला डेड मॅन्स स्विच म्हणतात. हेल्थचेक्स नावाचा एक मुक्त प्रकल्प नेमकं हेच करतो. तुमच्या मशीनने दर इतक्या मिनिटांनी हजेरी लावायची, हजेरी चुकली की तो बोंब मारतो.

म्हणून विहिरीवरच्या बोर्डला बॅटरी दिली. लाईन नसतानाही तो दर दहा मिनिटांनी 'मी आहे, लाईन नाही' असं म्हणतो. पाय आपली हजेरी लावतो. तीन हजेऱ्या हुकल्या की बाबांना नाही, मला पुण्यात निरोप येतो: 'विहीर बोलत नाही'. डिसेंबरात एका संध्याकाळी तो आला. फोन केला, बाबा सकाळी जाऊन बघून आले. वानरांनी अँटेना मोडून खाली टाकला होता. त्या रात्री लाईन आली की नाही ते आम्हाला कळलं नाही, पण आम्हाला कळत नाहीये हे कळलं होतं, आणि बाबा निवांत झोपले. आता अँटेनाभोवती पीव्हीसी पाइप आहे.

आणि मुंबईचं मशीन बसलं तर? त्याला माझा पुण्यातला पीसी दर पाच मिनिटांनी जाऊन विचारतो. शेवटी चावडीवर कुणालातरी जावंच लागतं.

फोनची कटकट वेगळीच. स्वतःच्या सर्व्हरवर असल्यामुळे बाबांच्या अँड्रॉइडमध्ये नोटिफायला आपलं कनेक्शन सतत उघडं ठेवावं लागतं. बॅटरी फार खात नाही. पण बाबांच्या फोनची कंपनी बॅटरी वाचवायच्या उत्साहात मागे चालणारं काहीही मारून टाकते. तीन वेगवेगळ्या सेटिंग पानांवर जाऊन 'याला मारू नको' असं सांगावं लागलं, आणि सिस्टिम अपडेट झाली की पुन्हा पहिल्यापासून. या विषयावर 'डोंट किल माय ॲप' नावाची आख्खी वेबसाइट आहे, तिथे कंपन्यांची क्रमवारी लावलीय. ज्यांना फोन घ्यायचाय त्यांनी कॅमेऱ्याच्या आधी ती यादी बघा.

हे सगळं चालू झाल्यावर मी हौसेने पुढचा बेत मांडला. नोटिफायच्या निरोपाखाली बटण देता येतं, दाबलं की एचटीटीपी विनंती जाते. म्हणजे 'लाईन आली' च्या खाली 'मोटर चालू'. हरभऱ्याला स्प्रिंकलर आहेत, पाइप संध्याकाळी मांडून ठेवायचे, रात्री अंथरुणातून बटण. बाबांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मले सांग, विहिरीत कोणी उतरलं असन अन् इकडून बटन दाबल्या गेलं त?"

आमच्या ऑफिसात डिझाइन रिव्ह्यूला आठ जण बसतात, त्यातला एक तरी हा प्रश्न विचारेल याची मला खात्री नाही. मग त्यांच्याच सांगण्यावरून पेटीत एक लोखंडी खटका बसवला. संध्याकाळी शेत सोडताना बाबा स्वतः तो 'घर' कडे करतात, तेव्हाच रेडिओचं ऐकलं जातं. सकाळी गेल्यावर पहिलं काम तो परत 'विहीर' कडे. खटका 'विहीर' कडे असताना पुण्यातून, मुंबईतून, ब्रह्मदेवाकडून बटण दाबलं तरी मोटर हलत नाही. सॉफ्टवेअरमध्ये नाही, तांब्याच्या तारेतच तोडलंय.

दुसरी गोष्ट त्यांनी सरळ नाकारली. शेताच्या फाटकावर सेन्सर लावतो, तुम्ही गेलात-आलात की मला कळेल, असं मी म्हणालो होतो. "काहून? मी का मोटर आहो?" विषय संपला. आणि त्यांचं बरोबरच आहे. 'आज रात्री घरी बाई एकटी आहे' ही माहितीही त्याच निरोपात असते, आणि ती कुठल्याच सर्व्हरच्या नोंदीत असू नये, माझ्यासुद्धा.

गेल्या रब्बीत बाबांना रात्री विहिरीवर चार वेळा जावं लागलं. दोनदा स्प्रिंकलरचा पाइप निसटला, एकदा फ्यूज, एकदा गव्हाला पाट वळवायचा होता. त्या रात्री निघताना त्यांनी आईला सांगितलं, पोचल्यावर घंटी दिली, निघताना घंटी दिली. मी आईला म्हणालो की ती घंटी हेल्थचेक्सला जोडता येईल, वीस मिनिटांत आली नाही तर मला आणि ताईला दोघांना कळेल. ती म्हणाली, "तुले कळून तू पुण्याहून का करशील? मले कळलं त मी बाजूच्या भाऊले उठवतो ना."

वीस मिनिटं हा आकडा माझा होता. तिचा किती आहे ते मी विचारलं, तर म्हणाली घड्याळ कुठे बघते ती.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ पासून सुरू आहे, शेतीला दिवसा वीज द्यायचा त्यात उद्देश आहे. आमच्या फीडरवर पाळी पूर्ण दिवसाची झाली की माझं हे सगळं प्रकरण माळ्यावर जाईल. जावो, मी स्वतः उतरवून देईन. बाबांनी मात्र आताच त्या डब्याला पुढचं काम शोधलंय. परवा फोनवर विचारत होते, "डुक्कर आलं का सांगते का ते?" कॅमेरा आणि थोडं मशीन लर्निंग लावून जमेल म्हणा. पण कुत्रा, वानर, वाऱ्याने हलणारी तूर, सगळ्यांनाच ते डुक्कर म्हणेल, आणि एका रात्रीत चाळीस वेळा फोन वाजला तर बाबा तो फोन विहिरीत टाकतील.